स्पेसवॉक थेट बघायचा कसा : एका ओटी सिस्टरच्या वहीतून

२०१९ च्या नोव्हेंबरमध्ये माझं डावं पाऊल प्लास्टरमध्ये होतं. सत्तावीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये उभ्यानं काम केलेल्या बाईला पलंगावर पडून राहायचं म्हणजे जीव नुसता कासावीस होतो. भाच्यानं लॅपटॉप आणून समोर ठेवला आणि म्हणाला, "मावशी, बघ, वर तुझंच काम चाललंय."

पडद्यावर लुका पार्मितानो हा इटालियन अंतराळवीर होता. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या बाहेर, रोबोटिक हाताच्या टोकावर पाय रोवून, तो एका यंत्राच्या पोटातली स्टीलची बारीक नळी कापत होता. यंत्राचं नाव एएमएस. वैश्विक किरणांतले कण मोजणारं हे उपकरण २०११ साली स्थानकाच्या पाठीवर बसवलं, तेव्हा ते कधी तिथल्या तिथे उघडावं लागेल असं कुणाच्या मनातही नव्हतं. पुढे त्याचे थंडाव्याचे पंप एकेक करून बंद पडू लागले. मग चार स्पेसवॉक करायचे, म्हणजे चारदा सूट घालून स्थानकाबाहेर पडायचं, जुन्या नळ्या कापायच्या आणि नवा पंप जोडायचा असं ठरलं. त्यासाठी वीसहून जास्त नवी हत्यारं मुद्दाम घडवून घेतली. त्या दिवशी, म्हणजे २२ नोव्हेंबरला, आठ नळ्या कापायच्या होत्या. आता कुठली नळी ते खालून, ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातून, सांगितलं जाई. लुका ते परत म्हणून दाखवी. मग कापी.

मी उठून बसले. मोठी रक्तवाहिनी बांधण्याआधी सर्जन आणि मी आयुष्यभर हेच करत आलो होतो.

तेव्हापासून जमेल तो प्रत्येक स्पेसवॉक मी बघते आणि वहीत नोंद ठेवते. ओळखीच्यांनाही लिंक पाठवते. बहुतेक जण वीस मिनिटांत बंद करतात आणि कळवतात की काहीच घडत नाहीये. घडत असतं, अगदी पहिल्या मिनिटापासून घडत असतं. पण कुठे बघायचं आणि काय ऐकायचं हे आधी कुणीतरी सांगायला हवं. ते मी इथे सांगते.

आधीची तयारी, तुमची आणि त्यांची

स्पेसवॉकच्या तारखा नासा जाहीर करते आणि त्या पुष्कळदा बदलतात. म्हणून आदल्या दिवशी पुन्हा एकदा तपासा. स्थानकावरचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर चालतं, जाहीर झालेली वेळ आपल्या घड्याळात मांडून ठेवा. प्रक्षेपण नासाच्या संकेतस्थळावर आणि यूट्यूबवर फुकट असतं. बऱ्याचदा काही दिवस आधी एक पत्रकार परिषद होते, तीत त्या दिवशीच्या कामाचं ॲनिमेशन दाखवतात. ते दहा मिनिटांचं ॲनिमेशन चुकवू नका. ऑपरेशनच्या आधी एक्स-रे बघितलेला असला की पुढचं सगळं ओळखीचं वाटतं, तसंच हे.

हेडफोन घ्या. वही आणि पेन घ्या. लॅपटॉपच्या स्पीकरवर हे आवाज खरखरीत येतात आणि अर्धे शब्द निसटतात.

आणि बाहेर पडायच्या वेळेच्या तास-दीड तास आधी बसा. प्रक्षेपण तेव्हाच सुरू होतं आणि लोक हाच भाग गाळतात. पडद्यावर दोन माणसं पांढऱ्या सूटमध्ये एका अरुंद खोलीत अडकल्यासारखी दिसतात, बाकीचे त्यांच्याभोवती तरंगत असतात, कुणी हेल्मेट पुसतं, कुणी यादी वाचतं. ही खोली म्हणजे क्वेस्ट एअरलॉक, २००१ सालच्या जुलैत स्थानकाला जोडलेली. आतली दोघं त्या वेळी शुद्ध ऑक्सिजन घेत असतात.

हे नीट समजून घ्या, कारण पुढचे सहा तास यावरच उभे आहेत. स्थानकात हवेचा दाब आपल्या समुद्रसपाटीइतका असतो. सूटमध्ये मात्र त्याच्या सुमारे तीस टक्केच दाब ठेवतात, तोही शुद्ध ऑक्सिजनचा. जास्त दाब ठेवला तर सूट फुगलेल्या चेंडूसारखा ताठ होईल आणि बोट वाकवणंसुद्धा कठीण होईल. पण जास्त दाबातून एकदम कमी दाबात गेलं, तर रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन बाहेर येतो. पाणबुड्यांना होतो तोच हा आजार. सांधे दुखतात, आणि बुडबुडा नको तिथे अडकला तर जिवावर बेततं. म्हणून आधी ऑक्सिजन घेत घेत नायट्रोजन धुऊन काढायचा. सूटच्या आत हातपाय हलके हलवत राहायचे, म्हणजे रक्त खेळतं आणि नायट्रोजन लवकर निघतो.

भूल देण्याआधी आमचे भूलतज्ज्ञ रुग्णाच्या तोंडावर मास्क धरून काही मिनिटं शुद्ध ऑक्सिजन देतात. तिथेही फुप्फुसातला नायट्रोजन हटवून ऑक्सिजनचा साठा करायचा असतो. कारण वेगळं, पण खोलीतली शांतता तीच. एअरलॉकमधली ती शांतता पहिल्यांदा बघितली तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं.

घड्याळ कधी सुरू होतं

अमेरिकी सूटमधल्या स्पेसवॉकची अधिकृत सुरुवात दार उघडल्यावर होत नाही. दोघं आपापले सूट स्थानकाच्या विजेवरून स्वतःच्या बॅटरीवर नेतात, तो क्षण सुरुवातीचा. निवेदक ती वेळ सांगतात. ती वहीत लिहा, पुढचे सगळे हिशेब तिथूनच लागतात. रशियन सूट असले तर मोजणी दार उघडण्यापासून दार लागण्यापर्यंत करतात.

दोघांतला कोण कुठला, हे ओळखायची खूण सोपी आहे. एकाच्या सूटच्या पायांवर लाल पट्टे असतात, दुसऱ्याचा सूट साधा पांढरा. पट्टेवाला बहुधा त्या दिवसाचा प्रमुख. चेहरे दिसत नाहीत, आवाज सारखे वाटतात, म्हणून ही खूण पहिल्या पाच मिनिटांत पाठ करून टाका.

दार उघडलं की लोकांचे डोळे पृथ्वीकडे जातात. जाऊ द्यात, मी अडवणार नाही, माझेही जातात. पण एक-दोन मिनिटांनी डोळे दोरांच्या आकड्यांकडे, म्हणजे हुकांकडे आणा. प्रत्येकाच्या कमरेला एक पोलादी दोर असतो, साधारण पंचवीस मीटर लांबीचा, चक्रीत गुंडाळलेला. त्याचं टोक स्थानकाला अडकवलेलं असतं. शिवाय हाताशी छोटे दोर असतात. एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना नियम एकच : आधी नवा आकडा अडकवायचा, तो ओढून बघायचा, मगच जुना सोडायचा. कुठल्याही क्षणी माणूस पूर्ण सुटा असता कामा नये. एकदा तुम्हाला हे दिसायला लागलं की प्रत्येक हालचालीत आकड्याची ती उघडझाप दिसत राहते. अवजारांनाही दोर असतात. पेचकस असो, पिशवी असो, काहीही मोकळं नाही.

दोर तुटलाच तर पाठीवर सेफर नावाचं यंत्र असतं, नायट्रोजनच्या चोवीस छोट्या झोतांचं. त्याच्या जोरावर माणूस स्वतःला सावरून परत येऊ शकतो. स्थानकावर खरोखरच्या संकटात ते वापरायची वेळ आजवर आलेली नाही. आकडे नीट लावले जातात म्हणूनच आलेली नाही, असं मला मनापासून वाटतं.

काय ऐकायचं

आता कान. खालून एकच माणूस त्या दोघांशी बोलत असतो. नियंत्रण कक्षात डझनभर तज्ज्ञ असले तरी वर जाणारा आवाज एकाचाच. तो पुढची पायरी सांगतो, अंतराळवीर ती परत म्हणतो, मग करतो, मग झालं म्हणून सांगतो. यात घाई नसते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटतं, आणि मला इथेच थांबून दोन शब्द सांगायचे आहेत.

मी नवी असताना एका रात्री इमर्जन्सी केसमध्ये सर्जननं एक औषध मागितलं आणि मी मान हलवून भरायला घेतलं. आमच्या सीनियर सिस्टरनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "तोंडानं बोल. नाव बोल, मात्रा बोल." मी बोलले. मात्रा मी चुकीची ऐकली होती. त्या दिवसापासून न बोलता मी काहीही हातात घेतलं नाही. स्पेसवॉकमध्ये सहा तास तेच चालतं. दोन माणसं, एक आवाज, आणि प्रत्येक आकडा दोनदा.

आकडे कसले? पिस्तुलासारखं एक विजेवरचं अवजार असतं. त्यानं बोल्ट फिरवला की किती वळसे झाले आणि किती जोर लागला हे ते मोजून दाखवतं. अंतराळवीर ते वाचून सांगतो. ठरलेले वळसे झाले आणि जोरही ठरल्याएवढा लागला, तर बोल्ट बसला. वळसे कमी आणि जोर जास्त, तर कुठेतरी अडकलं आहे. वहीत एक रकाना वळशांचा करा. मी करते. वळसे कमी भरल्यावर खालचा आवाज थांबतो, दोन-तीन मिनिटं कुणी बोलत नाही, आणि मग एक नवा उपाय येतो. ते ऐकणं म्हणजे कुशल माणसं विचार कसा करतात ते ऐकणं आहे.

एएमएसच्या चौथ्या स्पेसवॉकला, २०२० च्या जानेवारीत, असाच क्षण आला. नवा पंप जोडून झाला होता, गळती तपासायची होती, आणि आठांपैकी एक जोड गळत होता. लुकानं तो पुन्हा आवळला, थांबले, पुन्हा तपासलं. शेवटी तो कोरडा निघाला तेव्हा मी इकडे एकटीनं टाळ्या वाजवल्या.

हातांकडे बघा

बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा, हातांकडे बघा.

सूटचा हातमोजा दाबाखाली असतो. मूठ मिटायची म्हणजे दर वेळी एक चेंडू दाबल्यासारखं करायचं, आणि हे सहा-साडेसहा तास. बोटांच्या टोकांवर इतका ताण येतो की काही अंतराळवीरांची नखं सुटून आली आहेत. बाहेर पाय जवळजवळ निकामी असतात, सगळं चालणं हातांनी. दोन दांड्यांमधलं अंतर हातांनी कापायचं, तेही हळू, कारण वेग घेतला तर थांबवायलाही हातच लागतात.

मापाचा मुद्दा मला जवळचा आहे. मला साडेसहा नंबरचे ग्लोव्हज लागतात. एकदा साठा संपला म्हणून साडेसात घालून दोन तास काम केलं, आणि दर गाठीला वाटत होतं की माझी बोटं दुसऱ्याचीच आहेत. २०१९ च्या मार्चमध्ये दोन महिलांचा पहिला स्पेसवॉक ठरला होता, तो बदलावा लागला, कारण दोघींना लागणारा मध्यम मापाचा धडाचा भाग वेळेत तयार असलेला एकच होता. तेव्हा पुष्कळांनी हे हसण्यावारी नेलं. मला ते अजिबात हसण्यासारखं वाटलं नाही. न बसणारा सूट घालून कुणी बाहेर पडू नये, हा निर्णय बरोबरच होता; मापं आधीच पुरेशी असायला हवी होती, हेही तितकंच खरं. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला क्रिस्टिना कोक आणि जेसिका मीर दोघी बाहेर पडल्या आणि सात तासांहून जास्त काम करून आत आल्या. त्यांचं ध्वनिचित्रमुद्रण आजही उपलब्ध आहे. नव्या माणसानं सुरुवात त्याच्यापासून करायला हरकत नाही.

तर हात. मधूनमधून खालून हातमोजे आणि हॅप, म्हणजे हेल्मेटमधली पाणी शोषणारी गादी, तपासायला सांगतात. काम थांबतं. दोघं हातमोजे कॅमेऱ्यासमोर धरून उलटसुलट करतात, बोटाबोटांतली फट बघतात, आणि डोकं मागे टेकवून सांगतात की सगळं कोरडं आहे. दहा-बारा सेकंदांचा हा विधी. त्याच्यामागे दोन घटना आहेत.

पहिली २००७ च्या ऑगस्टमधली. रिक मास्ट्राकियोला आपल्या डाव्या हातमोज्याच्या अंगठ्यावर छेद दिसला. हातमोज्याला पाच थर असतात, छेद बाहेरच्याच थरांत होता, हवा गळत नव्हती. तरी त्याला ठरल्या वेळेआधी आत घेतलं. स्थानकाच्या दांड्यांवर सूक्ष्म उल्का आणि कचऱ्याचे कण आपटून धारदार खळगे पडलेले असतात, हात तिथूनच जात असतो.

दुसरी घटना पुन्हा लुका पार्मितानोची. १६ जुलै २०१३. बाहेर येऊन पाऊण तास झाला असेल नसेल, त्यानं सांगितलं की डोक्यामागे पाणी लागतंय. आठवड्यापूर्वीच्या स्पेसवॉकनंतरही त्याच्या हेल्मेटमध्ये पाणी सापडलं होतं, पण ते पिण्याच्या पिशवीतून गळलं असेल असं समजून पुढे गेले होते. आता पाणी वाढत गेलं. भारहीनतेत पाणी खाली पडत नाही, ते त्वचेला चिकटून पसरतं. ते कानांत गेलं, डोळ्यांवर आलं, नाकावर आलं. त्यातच सूर्य मावळला. त्याला दिसेना, नीट ऐकू येईना. दोराची चक्री त्याला हलकेच एअरलॉककडे ओढत होती, त्या ओढीच्या आधारानं तो चाचपडत परतला. जोडीदार ख्रिस कॅसिडी त्याच्या मागोमाग आला आणि दाब भरेपर्यंत त्याचा हात धरून राहिला. हेल्मेट काढलं तेव्हा आत लिटर-दीड लिटर पाणी होतं. सूटमधल्या पाणी वेगळं करणाऱ्या पंपाची भोकं साक्यानं बुजली होती.

त्यानंतर हेल्मेटच्या मागच्या बाजूला पाणी शोषणारी गादी बसवली, तीच हॅप. आणि श्वासासाठी एक नळीही, म्हणजे हेल्मेट भरलं तरी छातीकडच्या हवेतून श्वास घेता यावा. आता जेव्हा ते डोकं टेकवून कोरडं म्हणतात, तेव्हा त्या एका शब्दामागे काय आहे ते तुम्हाला ठाऊक असेल. सहा वर्षांनी तोच माणूस पुन्हा तसल्याच सूटमध्ये बाहेर पडून आठ नळ्या कापत होता. मी त्याला बघायला लागले तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

आणि पायांकडे

एक प्रयोग मनातल्या मनात करा. तुम्ही अधांतरी आहात आणि घट्ट बोल्ट फिरवताय. बोल्ट फिरणार नाही, तुम्ही फिराल. १९६६ च्या जूनमध्ये जेमिनी ९ च्या मोहिमेत यूजीन सर्ननची हीच गत झाली. पाय रोवायला जागा नाही, धडपडून तो घामाघूम, हेल्मेटची काच धुक्यानं पांढरी. काम सोडून त्याला आत यावं लागलं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये बझ ऑल्ड्रिन पाण्याखाली सराव करून गेला, पाय अडकवायच्या जागा आधी तयार करून घेतल्या, आणि शांतपणे सगळं काम उरकून आला. ह्यूस्टनला आजही ६२ मीटर लांब आणि १२ मीटर खोल तलावात स्थानकाचे नमुने बुडवून ठेवलेले आहेत. वर एक तास करायचं ते खाली कित्येक तास घोटलेलं असतं.

म्हणून कुणी कामाच्या जागी पोचला की बघा, तो पहिली दहा मिनिटं फक्त पाय ठेवायची पट्टी बसवत असेल. त्याला वेळ वाया चाललाय असं म्हणू नका.

चित्र जातं तेव्हा

मधेच पडदा निळा होतो. घाबरू नका. स्थानकाचे अँटेना उंचावरच्या दळणवळण उपग्रहांकडे रोखलेले असतात, कधी स्थानकाचाच एखादा भाग आड येतो आणि काही मिनिटं चित्र जातं. आवाज पुष्कळदा चालू राहतो. चहा करायला उठायचं असेल तर तेव्हा उठा.

मी मात्र त्या निळ्या पडद्यासमोर बसून राहते, आणि पुढचं मनात येतं. चंद्रावर आवाज पोचायला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतं. थोडं अडखळत का होईना, बोलणं होईल. मंगळाचं तसं नाही. ग्रह जवळ असले तर तीन मिनिटं, लांब असले तर बावीस, आणि तेवढीच परत यायला. "डोक्यामागे पाणी लागतंय" असं कुणी मंगळावरून म्हणालं, तर पृथ्वीवर ते ऐकू येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. पायरी सांगणारा तो एक आवाज मग यानाच्या आतूनच यावा लागेल, सोबत गेलेल्या चार-सहा जणांपैकीच कुणाचा तरी. मला खात्री आहे की माणूस मंगळावर जाईल. रॉकेटबद्दल सगळे बोलतात. आतल्या त्या आवाजाला कसं तयार करायचं याबद्दल जास्त बोलायला हवं, असं मला वाटतं. अनुभवी सिस्टर एका दिवसात तयार होत नाही.

चंद्रावर वेगळी अडचण आहे, धूळ. तिथे वारा नाही, पाणी नाही, त्यामुळे कणांच्या कडा कधी झिजल्याच नाहीत. १९७२ च्या डिसेंबरमध्ये अपोलो १७ चे दोघे तीन दिवस बाहेर पडले, त्यातला एक फेरा साडेसात तासांहून मोठा होता, आणि शेवटी धुळीनं सूटचे सांधे खरखरीत झाले होते. त्या दोघांतला एक होता यूजीन सर्नन, जेमिनीतून धुक्यानं भरलेलं हेल्मेट घेऊन परतलेला तोच. आता चंद्रावर पुन्हा उतरायच्या आर्टेमिस मोहिमांसाठी ॲक्सिअम स्पेस ही कंपनी नवा सूट घडवते आहे, पाठीच्या दारातून आत शिरायचा. स्थानकावरच्या सूटची जात १९८३ पासून वापरात आहे, आणि म्हाताऱ्या यंत्रांसारखे ते आता सारखे काहीतरी काढतात. २०२४ च्या जूनमध्ये ट्रेसी डायसनच्या सूटच्या जोडणीतून एअरलॉकमध्येच पाणी फवारलं आणि स्पेसवॉक तिथेच थांबला.

असं झालं की निराश होऊन लॅपटॉप मिटू नका. रद्द झालेला स्पेसवॉकही बघण्यासारखा असतो. सगळी तयारी झालेली असताना थांबायचा निर्णय किती शांतपणे घेतात, ते ऐका. केस पुढे ढकलणारा सर्जन मला नेहमी जास्त भरवशाचा वाटत आला आहे.

वेळ कमी असेल तर

सहा तास सगळ्यांना जमत नाहीत. मग पहिला एक तास आणि शेवटचा एक तास बघा, मधलं ऐकत ऐकत घरची कामं करा. मध्ये एकदा तरी सूर्योदय बघा. स्थानक दीड तासात पृथ्वीला फेरी घालतं, म्हणजे साधारण पाऊण तास ऊन आणि पाऊण तास अंधार. उन्हातला धातू शंभर अंशांच्या वर तापतो आणि सावलीतला उणे शंभराच्याही खाली जातो. सूटच्या आतल्या कपड्यात नव्वदेक मीटर बारीक नळ्या असतात, त्यांतून गार पाणी खेळतं. हातमोज्यांच्या बोटांत उष्णता देणाऱ्या तारा असतात. सूर्य मावळला की कुणीतरी म्हणतंच, आता बोटांची उष्णता चालू करतो.

२०३० नंतर हे स्थानक खाली आणायचं ठरलेलं आहे. त्याला ढकलणारं यान बनवायचं काम २०२४ साली स्पेसएक्सला दिलं, आणि उरलेले तुकडे प्रशांत महासागराच्या ओसाड भागात पडतील. चीनच्या तिआनगोंग स्थानकावर स्पेसवॉक चालूच आहेत. २०२४ च्या डिसेंबरमध्ये तिथे दोघं नऊ तास बाहेर होते. खासगी स्थानकंही यायची आहेत. पण इतकं तासन्‌तास आणि इतकं उघडं प्रक्षेपण पुढे मिळेल का, कोण जाणे. म्हणून सांगते, आत्ता बघून घ्या.

मोजणी

शेवटच्या तासात दोघं एअरलॉकपाशी परततात आणि अवजारांची मोजणी सुरू होते. एकेक पिशवी, एकेक आकडा, एकेक दोर, नाव घेऊन, हात लावून. इथे मी आवाज वाढवते.

पोट शिवायच्या आधी आम्ही मॉप मोजतो, गॉज मोजतो, सुया आणि आर्टरी, म्हणजे रक्तवाहिनी धरायचे चिमटे, मोजतो. दोघींनी मोजायचं, मोठ्यानं मोजायचं. एकदा एक गॉज कमी भरला. सर्जन थकलेले, रात्रीचे तीन वाजलेले, पण मी काउंट बरोबर नाही म्हणाले आणि सगळं थांबलं. वीस मिनिटांनी तो ट्रॉलीच्या चाकाखाली रक्तानं चिकटलेला सापडला. त्या वीस मिनिटांत कुणी मला एक शब्द बोललं नाही, ना रागाचा ना कौतुकाचा.

वरही वस्तू हरवतात. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये हाइडमेरी स्टेफनिशिन-पायपर सांडलेलं ग्रीस पुसत होती आणि अवजारांची अख्खी पिशवी निसटून गेली. पुढचे काही महिने हौशी निरीक्षकांनी तिचा माग काढला आणि २००९ च्या ऑगस्टमध्ये ती वातावरणात जळाली. २०२३ च्या १ नोव्हेंबरलाही एक पिशवी सुटली. ती साध्या दुर्बिणीतून दिसत होती. तिथे हरवलेली गोष्ट ट्रॉलीखाली पडून राहत नाही. ती बंदुकीच्या गोळीच्या कित्येक पट वेगानं फिरत राहते, म्हणून तिचा मार्ग मोजून स्थानकाला धोका नाही ना हे खालच्या लोकांना बघावं लागतं.

मोजणी झाली, दोघं आत आले, दार लागलं, तरी बंद करू नका. एअरलॉकमध्ये थोडा दाब भरून थांबतात आणि दार गळत नाही ना ते बघतात. दाब भरायला लागतो ती स्पेसवॉकच्या शेवटाची अधिकृत वेळ. सुरुवातीच्या वेळेखाली ती लिहा आणि वजाबाकी करा. मग आतलं दार उघडतं, वाट बघणारे हात पुढे येतात, हेल्मेट निघतं. बाहेरून आलेल्या सूटला जळक्या धातूसारखा वास येतो असं अनेकांनी सांगितलं आहे. नंतर हातमोज्यांचे जवळून फोटो काढून खाली पाठवतात, बोटबोट तपासायला.

माझ्या वहीत प्रत्येक स्पेसवॉकच्या शेवटी दोन नावं, दोन वेळा आणि एक ओळ असते. बहुतेक पानांवर ती ओळ सारखीच आहे : काउंट बरोबर, दोघं आत.